लोखंडाची रुंद रेषा : दुसरं कारण नाही, हे कसं ठरवायचं?



आज आपण एका रेषेचा इतिहास बघणार आहोत. आपल्यापासून अकरा-बारा कोटी प्रकाशवर्षांवर, नरतुरंग तारकासमूहाच्या दिशेला, एक छोटी दीर्घिका आहे. तिला धड नावसुद्धा नाही. यादीतला क्रमांक हेच तिचं नाव : एमसीजी–६–३०–१५. या दीर्घिकेच्या केंद्रातून येणाऱ्या क्ष-किरणांचा आलेख काढला, की त्यात एका ठिकाणी उंचवटा दिसतो. तो लोखंडाचा आहे. प्रयोगशाळेत लोखंडाचा हाच उंचवटा सुईसारखा अरुंद असतो, इथे तो पसरट आहे, आणि एका बाजूला जास्त ओघळलेला आहे. एवढ्या ओघळावरून १९९५ साली शास्त्रज्ञांनी सांगितलं, की हे लोखंड एका प्रचंड कृष्णविवराच्या अगदी काठाशी फिरतं आहे.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, दुर्बीण कधी चालवली नाही. तरी हा विषय मी घेतला, त्याला कारण आहे. "हे अमुक कारणामुळे घडलं" असं आपण म्हणतो, तेव्हा त्यामागे आणखी एक वाक्य न बोलता उभं असतं : "आणि दुसऱ्या कुठल्याही कारणामुळे घडलेलं नाही." पहिलं वाक्य बोलणं सोपं असतं. दुसरं सिद्ध करताना दमछाक होते. या रेषेच्या बाबतीत ती दमछाक तीस वर्षं चालली, आणि त्यात काही काळ पुण्याचाही वाटा होता.

आधी रेषा म्हणजे काय ते बघू.

अणूच्या मध्यभागी केंद्रक, भोवती इलेक्ट्रॉनांची कवचं. सगळ्यांत आतल्या कवचाला 'के' म्हणतात, त्याच्या बाहेरच्याला 'एल'. बाहेरून जोरकस क्ष-किरण आला आणि त्याने के-कवचातला इलेक्ट्रॉन उडवला, की तिथे जागा रिकामी होते. एल-कवचातला इलेक्ट्रॉन त्या जागेत उतरतो, आणि उतरताना जी ऊर्जा सुटते ती पुष्कळदा क्ष-किरणाच्या रूपात बाहेर पडते. याला प्रतिदीप्ती म्हणतात. साध्या लोखंडाच्या बाबतीत ही ऊर्जा ठरलेली आहे : ६,४०० इलेक्ट्रॉनव्होल्ट. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशकणाची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, त्यावरून अंदाज करा.

प्रत्येक मूलद्रव्याला त्याची स्वतःची अशी रेषा असते, आणि ती त्याच्या अणुक्रमांकाशी नियमाने बांधलेली असते, हे १९१३ साली हेन्री मोझली या इंग्रज तरुणाने दाखवलं. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९१५ मध्ये, गॅलिपोलीच्या लढाईत तो मारला गेला. वय होतं २७. त्याच युद्धात, समोरच्या बाजूने, कार्ल श्वार्झशिल्ड हा जर्मन खगोलशास्त्रज्ञ सैन्यात होता. १९१५ सालच्या अखेरीस, आइन्स्टाइनची समीकरणं नुकतीच प्रसिद्ध झालेली असताना, त्याने गोलाकार वस्तूच्या भोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचं अचूक उत्तर काढलं. आज आपण ज्याला कृष्णविवर म्हणतो त्याचं गणित त्यातूनच निघालं. मे १९१६ मध्ये तोही आजारपणात गेला. एकाने लोखंडाची ऊर्जा कुठे असायला हवी ते सांगितलं, दुसऱ्याच्या गणिताने ती ऊर्जा किती घसरेल ते सांगितलं. या दोघांचं काम एकाच आलेखावर यायला ऐंशी वर्षं जावी लागली.

त्या ऐंशी वर्षांत काय घडलं? १९४३ मध्ये कार्ल सीफर्ट यांनी काही सर्पिल दीर्घिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची केंद्रं विलक्षण तेजस्वी होती, आणि तिथल्या वायूच्या रेषा रुंद होत्या. वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने धावत असल्याची ती खूण होती. अशा दीर्घिकांना आज सीफर्ट दीर्घिका म्हणतात, आपली एमसीजी त्यांतलीच. १९६३ मध्ये मार्टिन श्मिट यांनी ३सी २७३ हा 'तारा' फार दूरचा आणि म्हणून अतिशय प्रखर असल्याचं ओळखलं. एवढी ऊर्जा इवल्याशा जागेतून येते कशी? १९६९ मध्ये डोनल्ड लिंडेन-बेल यांनी मांडणी केली, की दीर्घिकांच्या केंद्रात अवाढव्य कृष्णविवरं असावीत आणि त्यांच्याभोवती फिरत आत पडणाऱ्या वायूच्या तबकडीतून ही ऊर्जा निघत असावी. यालाच आपण सक्रिय दीर्घिका केंद्र म्हणतो.

क्ष-किरण मात्र वातावरण ओलांडून खाली येत नाहीत, त्यामुळे दुर्बिणी वर पाठवाव्या लागतात. १९६२ सालच्या एका रॉकेट-उड्डाणाने सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत दाखवला. डिसेंबर १९७० मध्ये 'उहुरू' हा फक्त क्ष-किरणांसाठीचा पहिला उपग्रह केनियाच्या किनाऱ्याजवळून उडाला. १९८७ मध्ये जपानचा 'गिंगा' वर गेला. गिंगाने पुष्कळ सीफर्ट दीर्घिकांमध्ये ६,४०० इलेक्ट्रॉनव्होल्टांपाशी लोखंडाची रेषा दाखवली. म्हणजे क्ष-किरणांच्या स्रोताजवळच तुलनेने थंड पदार्थाचा मोठा साठा आहे, त्यावर क्ष-किरण पडतात आणि परततात. पण गिंगाची नजर जाडीभरडी होती. या ऊर्जेपाशी त्याची अचूकता सुमारे १८ टक्के. रेषा आहे एवढं कळायचं. तिचा आकार कसा आहे, ते कळायचं नाही.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा. आकार दिसण्याआधी त्याचं भाकीत झालेलं होतं. १९८९ मध्ये अँड्र्यू फेबियन, मार्टिन रीस, लुईजी स्टेला आणि निकोलस व्हाइट यांनी 'सिग्नस एक्स-१' या आपल्याच दीर्घिकेतल्या स्रोतासाठी एक गणित केलं. कृष्णविवराजवळच्या तबकडीतून लोखंडाची रेषा निघाली तर ती कशी दिसेल? तबकडीची एक बाजू आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते. गाडीचा हॉर्न जवळ येताना चढा आणि दूर जाताना उतरता वाटतो तसंच : एका बाजूची रेषा जास्त ऊर्जेकडे सरकते, दुसरीची कमी ऊर्जेकडे. वेग प्रकाशाच्या वेगाशी तुलना करण्याजोगा असल्यामुळे आपल्याकडे येणारी बाजू जास्त उजळ दिसते. आणि विवराच्या खोल खड्ड्यातून वर येताना प्रत्येक क्ष-किरण ऊर्जा गमावतो, म्हणजे त्याची गुरुत्वीय ताम्रसृती होते. या सगळ्यांची बेरीज केली, की जास्त ऊर्जेच्या बाजूला तीव्र कडा आणि कमी ऊर्जेच्या बाजूला लांब ओघळ असा आकार मिळतो.

फेब्रुवारी १९९३ मध्ये जपानचा 'अस्का' उपग्रह गेला. क्ष-किरण खगोलशास्त्रात प्रथमच त्यावर सीसीडी बसवलेले होते, आज आपल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात असतात त्यांच्याच कुळातले. अचूकता आली सुमारे दोन टक्क्यांवर. १९९४ च्या जुलैमध्ये अस्काने एमसीजीकडे चार दिवसांहून जास्त वेळ टक लावून पाहिलं, आणि जून १९९५ मध्ये यासुओ तानाका आणि सहकाऱ्यांचा लेख 'नेचर' मध्ये आला. रेषा प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास एक तृतीयांश वेगाइतकी रुंद होती, आणि तिचा आकार १९८९ च्या गणितासारखा होता. तीव्र कडा, लांब ओघळ.

आनंदाची गोष्ट होती, यात शंका नाही. पण इथेच आपण जरा थांबू या.

आपल्याकडच्या न्यायशास्त्रातलं अनुमानाचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे : डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. हे अनुमान चालतं, कारण धूर आगीशिवाय होत नाही. आता ते उलटं करा. आग आहे, म्हणून धूर असणारच. चालेल का? नैयायिक म्हणतात, नाही. तापून लालभडक झालेला लोखंडाचा गोळा घ्या. आग आहे, धूर नाही. धूर व्हायला ओलं सरपण लागतं. ही जी लपून बसलेली अट, तिला त्यांनी 'उपाधी' असा शब्द वापरला. अनुमान करणाऱ्याचं काम म्हणजे उपाधी शोधणं. ती सापडली नाही, तरच व्याप्ती पक्की.

आपल्या लोखंडाला हे लावून बघा. गणित सांगतं : कृष्णविवराजवळची तबकडी असेल, तर रेषा रुंद होईल. आपल्याला हवं आहे ते उलट दिशेचं वाक्य : रेषा अशी रुंद आहे, म्हणून ती विवराजवळच्या तबकडीतूनच आली. पहिल्यावरून दुसरं आपोआप निघत नाही. मध्ये ओलं सरपण कुठे लपलं आहे का, ते हुडकावं लागतं.

हे हुडकण्याचं काम काही जणांनी केलं, आणि त्यातला एक प्रयत्न पुण्यात झाला. १९९८ मध्ये आयुकातले रणजीव मिश्रा आणि अजित केंभावी यांनी 'अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल' मध्ये याच एमसीजीच्या रेषेचं वेगळं स्पष्टीकरण मांडलं. त्यांचं म्हणणं असं : स्रोताभोवती तुलनेने थंड, दाट ढग आहे असं समजा. 'थंड' म्हणजे लाखो अंश, पण क्ष-किरणांच्या हिशेबात तो थंडच. त्यातून बाहेर पडताना लोखंडाचा अरुंद रेषेतला क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवर पुन्हापुन्हा आदळतो. ६,४०० इलेक्ट्रॉनव्होल्टांचा किरण दर धडकेत सरासरी एक टक्क्याच्या आसपास ऊर्जा गमावतो. अशा पंधरा-वीस धडका झाल्या, की रेषा कमी ऊर्जेकडे ओघळते. वेग नको, गुरुत्वाकर्षण नको, रुंदी तरीही मिळते. मोठ्या नियतकालिकात, मोठ्या नावांनी मांडलेल्या आणि सगळ्यांना आवडलेल्या निष्कर्षापुढे हे उभं करायला धैर्य लागतं. आणि लक्षात घ्या, दोघांपैकी कोणी कृष्णविवरांचा विरोधक नव्हता. जयंत नारळीकरांबरोबर केंभावींनी क्वासार आणि सक्रिय दीर्घिका केंद्रांवरचा ग्रंथ लिहिला, तो त्याच सुमारास, १९९९ मध्ये आला. त्यांचा प्रश्न एवढाच होता, की या रेषेवरून एवढं म्हणता येतं का.

या मांडणीचं खरं मोल असं, की ती तपासता येत होती. किरणाची ऊर्जा जितकी जास्त, तितकं एका धडकेत होणारं नुकसानही मोठं. ५०,००० इलेक्ट्रॉनव्होल्टांचा किरण एका धडकेत सुमारे नऊ-दहा टक्के गमावतो. म्हणजे तो ढग खरंच असेल, तर त्याने फक्त लोखंडाची रेषा पसरवून भागणार नाही. जास्त ऊर्जेच्या बाजूला सबंध वर्णपटच खाली वाकायला हवा. इटली आणि नेदरलँड्सचा 'बेप्पोसॅक्स' उपग्रह १९९६ पासून वर होता, आणि तो त्या ऊर्जांपर्यंत पाहू शकत होता. त्याच्या मोजणीत अपेक्षित ठिकाणी वर्णपट वाकलेला दिसला नाही. त्याशिवाय, एमसीजीचा प्रकाश इतक्या झपाट्याने कमीजास्त होतो, की दाट ढगात अडखळत बाहेर येणाऱ्या किरणांना ते जमणं कठीण. ढग मागे पडला.

हे सगळं वाया गेलं का? मला तसं वाटत नाही. १९९५ मध्ये "रेषा विवराजवळची आहे" हे वाक्य एका सुंदर जुळणीवर उभं होतं. २००० साली ते त्या जुळणीवर आणि शिवाय एका पराभूत प्रतिस्पर्ध्यावर उभं होतं. ढगाचा पर्याय इतक्या नेमकेपणाने कोणी मांडलाच नसता, तर या वाक्याची तशी परीक्षाच झाली नसती.

गोष्ट इथे संपली नाही. नव्या दुर्बिणींबरोबर दावाही वाढला. कृष्णविवर फिरत नसेल, तर तबकडीची आतली कडा विवरापासून एका ठरावीक अंतरावर थांबते. ते विवर जोरात फिरत असेल, तर कडा आणखी बरीच आत जाऊ शकते, आणि मग ओघळही लांबतो. म्हणजे ओघळाच्या लांबीवरून विवराचं परिवलन मोजता येतं! २००६ मध्ये लॉरा ब्रेनमन आणि क्रिस्टोफर रेनल्ड्स यांनी 'एक्सएमएम-न्यूटन' च्या निरीक्षणांवरून एमसीजीच्या विवराचं परिवलन शक्य असलेल्या कमाल मर्यादेच्या अगदी जवळ, सुमारे ०.९९, असल्याचं सांगितलं. केवढी झेप ही! आलेखाच्या एका बाजूच्या उतारावरून कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या विवराची गिरकी.

झेप मोठी म्हणून संशयही मोठा. २००८ मध्ये लान्स मिलर, जेन टर्नर आणि जेम्स रीव्ह्ज यांनी दुसरी उपाधी पुढे केली. आपल्या आणि स्रोताच्या मध्ये वायूचे अनेक थर आहेत, काही थर स्रोताला अर्धवटच झाकतात. ते कमी ऊर्जेचे किरण गिळतात आणि वर्णपटाला असा बाक देतात, की तो बाकच आपल्याला 'ओघळ' वाटतो. म्हणजे रेषा रुंद नाहीच, तिच्या शेजारची जमीन खचलेली आहे. हा आक्षेप आधीच्यापेक्षा चिवट होता, कारण असे थर खरोखरच असतात. एमसीजीतही आहेत. प्रश्न फक्त ते किती काम करतात, एवढाच.

उत्तर दोन वाटांनी आलं. पहिली वाट काळाची. २००९ मध्ये फेबियन आणि सहकाऱ्यांनी '१एच०७०७–४९५' या दुसऱ्या दीर्घिकेत दाखवलं, की मूळ स्रोत उजळल्यावर परतणारा प्रकाश सुमारे ३० सेकंद उशिराने उजळतो. हा विहिरीतला प्रतिध्वनी समजा. ३० सेकंदांत प्रकाश ९० लाख किलोमीटर जातो, म्हणजे परावर्तन करणारा पदार्थ स्रोताच्या तेवढा जवळ असला पाहिजे. दुसरी वाट जास्त ऊर्जेची. २०१२ मध्ये गेलेल्या 'न्यूस्टार' ची नजर ७९,००० इलेक्ट्रॉनव्होल्टांपर्यंत पोचते, आणि तिथे परावर्तन आणि आच्छादन यांची भाकितं वेगळी पडतात. २०१३ मध्ये ग्विदो रिसालीती आणि सहकाऱ्यांनी 'एनजीसी १३६५' या दीर्घिकेबद्दल परावर्तनाच्या बाजूने कौल दिला. आच्छादनवाल्यांनी लगेच हात वर केले नाहीत. थर पुरेसे दाट मानले तर आमचंही जमतं, असं त्यांनी उत्तर दिलं. वाद असाच चालावा लागतो.

मग लागत होती ती खरी बारीक नजर. ती मिळवण्याची जपानची कहाणी ऐकण्यासारखी आहे. अतिशीत उष्णतामापक वापरून अगदी थोड्या इलेक्ट्रॉनव्होल्टांचा फरक ओळखणारं उपकरण त्यांनी २००० मध्ये पाठवलं. उड्डाणच फसलं. २००५ मध्ये 'सुझाकू' वर पाठवलं. महिन्याभरात त्यातलं थंड ठेवणारं हेलियम उडून गेलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'हितोमी' वर पाठवलं. यंत्र उत्तम चाललं, आणि मार्चअखेर उपग्रहच गेला. कसा गेला? उपग्रह स्थिर होता, पण त्याच्या नियंत्रणव्यवस्थेने चुकीच्या आकड्यांवरून ठरवलं, की आपण फिरतो आहोत. नसलेली गिरकी थांबवायला ती धडपडली आणि त्यातून खरी गिरकी सुरू झाली. पुढे दुरुस्तीची आज्ञाही सदोष निघाली, गिरकी वाढली आणि सौरपंख तुटले. परिवलनाचं चुकीचं अनुमान काय करू शकतं, याचं याहून कडू उदाहरण मला माहीत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये चौथ्यांदा प्रयत्न झाला : 'क्रिझम'. त्याच्याही उपकरणापुढची एक झडप उघडली नाही. पण झडपेतल्या बेरिलियमच्या खिडकीतून जास्त ऊर्जेचे क्ष-किरण आत येतात, लोखंडाचेही येतात. 'एनजीसी ४१५१' मध्ये क्रिझमने दाखवलं, की लोखंडाची जी रेषा आजवर साधी, एकसंध समजली जात होती, तिच्यात वेगवेगळ्या अंतरांवरच्या तीन प्रदेशांचा वाटा आहे. आणि २०२४ मध्ये त्याने एमसीजीकडे पाहिलं, बरोबरीने एक्सएमएम-न्यूटन आणि न्यूस्टारही होते. वाऱ्यासारख्या बाहेर वाहणाऱ्या वायूच्या अरुंद रेषा एकेक करून वेगळ्या काढता आल्या. त्या बाजूला केल्यावर खाली काय उरलं? तो रुंद उंचवटा उरला. आच्छादन करणारे थर आहेत, तानाकांना दिसलेली रुंद रेषाही आहे. दोघांचा हिशेब आता वेगवेगळा मांडता येतो.

तेव्हा १९९५ चा निष्कर्ष टिकला. मग कोणी विचारेल, मधली तीस वर्षं कशाला खर्ची घातली? तानाका आणि मंडळी पहिल्याच दिवशी बरोबर होती ना? होती. पण बरोबर असणं आणि ते माहीत असणं यांत अंतर आहे. डोंगरावर आग असेलही, पण धुकं पाहून "आग आहे" म्हणणाऱ्याला आग 'माहीत होती' असं आपण म्हणत नाही. धूर आणि धुकं यांतला फरक करून दाखवावा लागतो. तीस वर्षांत तो फरक करून दाखवला गेला, आणि तो करायला ज्यांनी भाग पाडलं त्यांत पुण्याचे दोघे होते.

परिवलनाच्या आकड्याबद्दल मात्र मी आजही हात थोडा राखून बोलेन. तबकडीची आतली कडा नेमकी गणितातल्या जागी आहे आणि तिच्या आतून प्रकाश येत नाही, हे त्या आकड्यात गृहीत धरलेलं असतं. रेषा रुंद आहे याला आज जेवढे साक्षीदार आहेत, तेवढे ०.९९ ला नाहीत. एकाच लेखात दोन्ही वाक्यं शेजारी-शेजारी छापली जातात, म्हणून दोन्ही सारख्याच वजनाची होत नाहीत. वर्तमानपत्रात "शास्त्रज्ञांना आढळलं" असं वाचलं, की आपण एवढं विचारायला शिकावं : दुसरं कोणतं कारण असू शकलं असतं, आणि ते कोणी तपासलं? उत्तर मिळालं तर विश्वास वाढेल. नाही मिळालं तर थोडं थांबावं. थांबण्याने शास्त्राचा अपमान होत नाही.

माझं बोलणं इथे पुरं करतो. आता तुम्ही विचारा.